विनिपेगच्या थंडीत बोलणारी गाडी

मुलाकडे कॅनडाला जायचं ठरलं आणि आमच्या सोसायटीत सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. लोकरीचे मोजे चार जोड घ्या, कानटोपी विसरू नका, खोबरेल तेल नेऊ नका, ते बाटलीतून निघायचंच नाही. एका मैत्रिणीनं तर सुंठीच्या वड्या करून दिल्या. सगळे सल्ले उपयोगी पडले. पण तिथली मोटारगाडी थंडीत माणसासारखी कण्हते, कुंथते आणि कधी कधी किंचाळतेसुद्धा, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

आमचे हे एसटीच्या कार्यशाळेत चौतीस वर्षं होते. रात्री जेवताना बाहेरून एखादी बस गेली की घास हातात धरून म्हणायचे, "मागचा डावा पाटा तुटलाय. उद्या येईल आमच्याकडे." आणि ती यायची! निवृत्तीनंतर मात्र त्यांना ऐकण्यासारखं काही उरलं नाही. नव्या गाड्या बोलतच नाहीत, अशी त्यांची तक्रार. आणखीही एक गोष्ट होती. ती मला कळत होती आणि ते कबूल करत नव्हते. दारावरची घंटा त्यांना ऐकू येईनाशी झाली होती. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे स्वयंपाकघरात बसूनही ते मला विचारायचे. मी विषय काढला की म्हणायचे, "लक्ष नव्हतं माझं."

असे आम्ही दोघं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विनिपेगच्या विमानतळावर उतरलो.

नाकातून वायर लोंबणाऱ्या गाड्या

विनिपेग ही कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताची राजधानी. अमेरिकेच्या सीमेपासून साधारण शंभर किलोमीटर उत्तरेला, अथांग सपाट गवताळ प्रदेशात वसलेली. डोंगर नाही, टेकडी नाही. उत्तरेकडून निघालेला वारा अडवायला कुणीच नाही. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्यांचा इथे संगम आहे. मूळ रहिवाशांच्या क्री भाषेत विनिपेग या नावाचा अर्थ 'गढूळ पाणी'. हिवाळ्यात मात्र ते गढूळ पाणी दिसतच नाही. नद्या गोठतात आणि 'द फोर्क्स' नावाच्या त्या संगमावर स्केटिंगसाठी वाट आखली जाते. आपल्याकडे संगमावर लोक स्नानाला जातात, इथे लेकुरवाळी कुटुंबं नदीवरून चालत, घसरत फिरायला जातात.

जानेवारीत इथलं रात्रीचं सरासरी तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उणे ३०च्या खाली जाणारे दिवसही दर हिवाळ्यात येतात. शहरातला नीचांक २४ डिसेंबर १८७९ या दिवशी नोंदला गेला, उणे ४७.८ अंश. उणे ४०ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे दोन्ही आकडे एकच होतात, ही शाळेत पाठ केलेली गोष्ट इथे अंगावर घेता येते. पुण्याच्या डिसेंबरात स्वेटर घालणाऱ्या मला पहिल्या श्वासालाच नाकातले केस गोठल्याचं जाणवलं.

विमानतळाच्या वाहनतळावर यांचं पहिलं लक्ष गेलं ते गाड्यांकडे. जवळजवळ प्रत्येक गाडीच्या नाकातून विजेची एक छोटी पिन बाहेर लोंबत होती.

"अरे, इथल्या सगळ्या गाड्या विजेवर चालतात की काय?" यांनी मुलाला विचारलं.

तो हसला. "नाही बाबा, पेट्रोलच्याच आहेत. हा ब्लॉक हीटर. इंजिनातल्या पाण्यात बसवलेली कॉइल. रात्री घराच्या प्लगला लावायची, म्हणजे सकाळी इंजिन कोमट राहतं."

इथल्या अनेक कचेऱ्यांच्या आणि इमारतींच्या वाहनतळांवर गाडीसाठी विजेचा खांब असतो. आपल्याकडे दावणीला गुरं बांधतात, तशा या गाड्या खांबाला बांधलेल्या. रात्रभर वीज जाळायचीही गरज नसते. निघण्याआधी दोन-चार तास हीटर चालू राहिला तरी पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कुठे उजाडलं. आमची आठ वर्षांची नात आजोबांचा हात धरून अंगणात गेली आणि गाडीच्या बॉनेटला कान लावल्यासारखं करून म्हणाली, "आजोबा, गाडी गुणगुणतेय." यांनी वाकून ऐकलं. हीटरमुळे आतलं पाणी किटलीसारखं हलकेच सणसणत होतं.

"हा आवाज चांगला," हे म्हणाले. "हा रोज आला पाहिजे."

त्या दिवसापासून आजोबा आणि नातीची आवाजांची शाळा सुरू झाली.

लाटण्याचा नवा उपयोग

थंडीत आवाज मोठेही वाटतात, हे आधी सांगायला हवं. कडक थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते. त्यामुळे वर जाऊ पाहणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि दूरवर पोहोचतो. कित्येक किलोमीटरवरच्या मालगाडीचा भोंगा घराच्या मागच्या अंगणातून आल्यासारखा वाटायचा. पायाखालचा बर्फही कोरड्या पोह्यांसारखा करकरतो. अशा शांततेत गाडीचं प्रत्येक दुखणं चव्हाट्यावर येतं.

आपल्याकडे यांची पद्धत अशी होती, की लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आत काय खडखडतंय ते नेमकं कळतं. डॉक्टरांच्या नळीसारखंच. पण इथे उणे २५मध्ये लोखंड त्वचेला लावणं म्हणजे कातडी सोलून घेणं. यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझं लाटणं नाहीसं झालं. पुण्याहून सुनेसाठी मुद्दाम आणलेलं शिसवी लाटणं! खिडकीतून पाहते तो काय, हे मफलरची टोकं आत खोचून, लाटण्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागे लावून उभे आणि नात वहीत काहीतरी लिहून घेतेय.

ती वही पुढे मी वाचली. त्यात आवाजांचे चार वर्ग केले होते. पहिला, मिनिटात जाणारे. दुसरा, थोडं अंतर चालल्यावर जाणारे. तिसरा, वसंत ऋतूत जाणारे. आणि चौथा, न जाणारे. पहिल्या तिघांना भ्यायचं नाही, चौथ्याला सोडायचं नाही, असं खाली अधोरेखित होतं.

मिनिटात जाणाऱ्या आवाजांत पहिला मान सुरू करतानाच्या कुंथण्याचा. बॅटरी ही रासायनिक वस्तू. उणे १८ अंशांच्या आसपास तिची ताकद जवळजवळ निम्मी होते. त्याच वेळी इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं, म्हणजे काम वाढलेलं. सेल्फ मारल्यावर गाडी सावकाश 'अंऽ अंऽ' करते ती म्हणूनच. नुसतीच भराभर 'टकटकटक' आली तर बॅटरी उतरलीय. एकदाच 'टक' होऊन शांतता पसरली तर सेल्फ किंवा त्याच्या जोडण्या तपासायच्या.

सुरू झाल्यावर वरच्या बाजूनं शिवणाच्या मशीनसारखी टिकटिक येते. घट्ट तेल वरपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, तोवरच ती राहते. म्हणून इथे ० किंवा ५ आकड्यानं सुरू होणारं पातळ तेल वापरतात. डब्यावरच्या त्या आकड्यापुढचं 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचंच आहे. काही इंजिनांत पिस्टन गार असताना किंचित आकसलेला असतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर आपटून बद्द वाजतो. इंजिन तापलं, पिस्टन फुगला, की आवाज बंद. पण हाच ठोका गाडी तापल्यावर वाढत गेला तर मात्र तो वेगळा आजार.

थोडं अंतर चालल्यावर जाणाऱ्यांत सगळ्यात मजेदार म्हणजे चौकोनी टायर. रात्रभर एका जागी उभी राहिल्यानं टायर खाली जिथे दबतो तिथे सपाट होऊन कडक बनतो. सकाळी गाडी 'धबक धबक' करत बैलगाडीसारखी निघते. काही किलोमीटरांत टायर ऊब धरतो आणि पुन्हा गोल होतो. त्यात हवाही कमी झालेली असते. दर पाच-सहा अंशांना सुमारे एक पाउंड, या हिशेबानं उबदार गॅरेजात २० अंशांना भरलेली हवा उणे ३०मध्ये नऊ पाउंडांनी उतरते. पंक्चर नसतं, पण ती भरून घ्यावीच लागते.

जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टेअरिंगमधलं तेलही घट्ट होतं आणि वळवताना म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी चाक शेवटपर्यंत वळवून धरून ठेवायचं नाही. चाकाच्या पोकळीत बर्फ साठून टायरला घासला तर खरखर येते. तो बर्फ पायानं ठोकून पाडायचा. बर्फ रिमच्या आत चिकटला तर वेगात सगळी गाडी थरथरते आणि चाकाचं बेअरिंग गेलं की काय असं वाटतं. आणि हँडब्रेक शक्यतो ओढायचाच नाही. तो ओल धरून गोठतो आणि चाक जाम होतं.

वसंतात जाणारे आवाज म्हणजे खालच्या रबरी बुशांची कुरकुर. रबर थंडीत लाकडासारखं होतं, शॉकॲब्झॉर्बरमधलं तेल जड होतं, आणि गतिरोधकावरून जाताना जुना पलंग वाजावा तशी गाडी वाजते. त्यावर औषध एकच, एप्रिल महिना.

"पण हे कुठल्या वर्गातलं, ते ओळखायचं कसं?" सुनेनं एकदा विचारलं. यांनी तिला चार प्रश्न दिले. आवाज कधी येतो? कशाबरोबर वाढतो, इंजिनाच्या वेगाबरोबर की चाकाच्या? गाडी तापल्यावर कमी होतो की जास्त? आणि त्याच्याबरोबर दुसरं काय येतं, वास, धूर, थरथर की समोरचा दिवा? "गाडी उभी असताना इंजिन वाढवून आवाज वाढला तर तो इंजिनाचा. चालत्या गाडीत वेग वाढताना वाढला तर चाकाचा. निम्मं निदान इथेच होतं," हे म्हणाले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. वहीत 'चीं', 'किर्र', 'सुईं' असं जे काही होतं, ते सगळं नातीनं आधी सांगितलं, मग आजोबांनी मान डोलावली, असं घडत होतं. धडधड, ठोका, घरघर हे मात्र यांना लाटण्याशिवायही कळत होतं.

संक्रांतीची सकाळ

विनिपेगच्या पश्चिमेला ट्रान्स-कॅनडा महामार्गावर साधारण २१५ किलोमीटरवर ब्रँडन नावाचं गाव आहे. तिथल्या एका मराठी कुटुंबानं संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. मी दोन दिवस तीळ भाजून गुळाच्या वड्या केल्या होत्या. सुनेची काळी साडी इस्त्री होऊन तयार, नातीसाठी हलव्याचे दागिने. सकाळी तापमान होतं उणे ३६, वरून वारा.

मुलगा गाडी सुरू करायला गेला. पाठोपाठ हे आणि नात. मी दारातच उभी होते.

"आजोबा, आज गाडी गुणगुणत नाहीये," नात म्हणाली.

खरंच होतं. रात्री बर्फ काढताना फावड्याचा घाव वायरीवर बसला होता. हीटर रात्रभर बंदच राहिला होता. तरी बॅटरी नवी असल्यानं गाडी चार वेळा कुंथली आणि सुरू झाली. आणि पुढच्या क्षणी अशी काही किंचाळली, की मी दारात दचकले. नातीनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले.

"बेल्ट ओरडतोय," मुलगा म्हणाला. "पहिल्या वर्गातला, हो ना बाबा? मिनिटात जाईल. चला, सामान आणा."

बेल्टचा असा आवाज थंडीत नेहमीचाच. रबर कडक झालेलं, त्यावर दव गोठलेलं, त्यातच सुरू होताना बॅटरी भरायचा भार. मिनिटभर घसरतो आणि गप्प होतो. यांनी मान डोलावली असती तर आम्ही पाच मिनिटांत रस्त्याला लागलो असतो.

पण हे नातीच्या कानांवरच्या हातांकडे पाहत होते. काही क्षण तसेच उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, "मला ऐकू येत नाहीये."

"म्हणजे?"

"एवढं ओरडतंय ना? मला काहीच ऐकू येत नाहीये. चार-पाच वर्षं झाली. वरच्या पट्टीतलं सगळं गेलंय."

मुलगा नुसता पाहत राहिला. हे नातीकडे वळले. "पिल्लू, तू सांग मला. अजून चालू आहे? मिनिट झालं का?"

तिनं घड्याळात पाहिलं. "दोन मिनिटं झाली आजोबा. थांबतच नाहीये. आता जास्त येतोय."

"आणि वास?"

वास मलाही आला. रबर जळल्याचा.

यांनी लाटणं मागितलं. अंगावरचं लोंबतं सगळं आत खोचून, फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवून, पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या बाजूला ते टेकवलं आणि डोळे मिटले. क्षणभरानं म्हणाले, "बंद कर गाडी. आत्ताच्या आत्ता. पट्टा ओरडत नाहीये, पट्ट्याला कुणीतरी अडवून धरलंय. पंप फिरत नाहीये."

"बाबा, पंधरा माणसं वाट बघतायत आपली. इथल्या गाड्या थंडीत ओरडतातच."

"ओरडतात आणि थांबतात. ही थांबत नाहीये."

त्यांनी कूलंटची प्लास्टिकची बाटली उघडायला लावली. आत हिरवं पाणी नव्हतं, बर्फाच्या गोळ्यासारखा हिरवा चुरा होता. यांनी एकच प्रश्न विचारला, "यात पाणी कुणी घातलं होतं?"

मुलाला आठवलं. ऑगस्टमध्ये तळ्याकाठी तंबू ठोकायला गेले होते. परतताना पातळी खाली दिसली, म्हणून पेट्रोल पंपावर साधं पाणी ओतलं. महिन्याभरानं पुन्हा एकदा. "तुम्हीच शिकवलंत ना बाबा, लांब जाण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी बघायचं म्हणून."

हे थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "हो. मीच शिकवलं. पण ते घाटासाठी शिकवलं होतं, इथल्यासाठी नाही."

मुलानं किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

पाचपैकी दोन गोळ्या

त्या दिवशी आम्ही गेलो असतो तर काय झालं असतं, ते संध्याकाळी यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. पाणी आणि अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पाणी वाढलं की ही मर्यादा भराभर वर येते. गोठलेलं कूलंट फिरत नाही. मग बाहेर उणे ३६ असताना आत इंजिन मात्र तापून जातं, कारण उष्णता वाहून न्यायला कुणी नाही. आणि गाडीतला हीटरही त्याच पाण्यावर चालतो. म्हणजे इंजिन भाजतंय आणि माणसं गोठतायत, अशी अवस्था. त्या सपाट माळावर, गाव नजरेच्या टप्प्यात नसताना, आठ वर्षांच्या मुलीसह. सून काही बोलली नाही. तिनं नातीला मांडीवर ओढून घेतलं.

गाडी ओढून गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक फिलिपिनो होता. विनिपेगमध्ये फिलिपिनो लोकांची वस्ती मोठी आहे. त्यानं उबदार जागेत गाडी काही तास नुसती उभी ठेवली. मग एक पिचकारी काढली, आत रंगीत गोळ्या असलेली. कूलंट ओढून घेतलं की जितक्या गोळ्या तरंगतील तितकी थंडी ते सोसेल. पाचपैकी दोनच तरंगल्या. रेडिएटर फुटला नव्हता, पंप वाचला होता, फक्त पट्टा गेला होता. जुनं सगळं काढून त्यानं साठ भाग अँटिफ्रीझ आणि चाळीस भाग पाणी भरलं आणि नवा पट्टा बसवला.

यांना इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य. पण दोघांचं संभाषण तासभर चाललं. हे म्हणायचे, "घर्रर्र, देन टक," आणि तो म्हणायचा, "आह्! टक-टक, नो घर्र." दोघांनाही एकमेकांचं कळत होतं. लाटणं पाहून तर तो इतका हसला, की त्यानं ते हातात घेऊन दुसऱ्या एका गाडीवर लावून पाहिलं. पट्टा नुसताच चिवचिवत असेल तर काय करायचं, हेही त्यानं दाखवलं. उबदार गॅरेजात पट्ट्याच्या आतल्या बाजूला थोडं पाणी फवारायचं. आवाज क्षणभर थांबून परत आला तर कप्पी तिरकी बसलीय, उलट वाढला तर पट्टा सैल आहे. उणे तापमानात अंगणात हा प्रयोग करायचा नाही, पाणी पट्ट्यावरच गोठतं. यांनी ते वहीत टिपून घ्यायला नातीला सांगितलं.

तिळगूळ आम्ही पुढच्या रविवारी पोहोचवला. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, ही आपल्या पूर्वजांनी केलेली मोठीच सोय!

थंड मुलखात जाणार असाल तर

तुमची मुलंही अशा देशात असतील, कदाचित तुम्हीही जाल. तेव्हा मुलानं गाडीत काय काय ठेवलं होतं, ते सांगते. फावडं, वाळूची छोटी पिशवी, ब्लँकेटं, जंपर केबल, काडेपेटी, मेणबत्ती आणि ती उभी करायला पत्र्याचा डबा, सुका खाऊ. पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालायला निघायचं नाही, मदत गाडीपाशी येते. ऊब घ्यायला तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं, आणि त्याआधी सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढायचा, खिडकी किंचित उघडी ठेवायची. तोंड बंद झालं तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला ना वास ना आवाज. बंद गॅरेजात गाडी तापवत ठेवायची नाही, तीही याच कारणासाठी.

लेह-लडाखकडे हिवाळ्यात जाणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू आहे. तिथे डिझेलच्या गाड्यांची आणखी एक पंचाईत असते. डिझेलमधलं मेण थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल आणलं. त्या भागात गेलात तर स्थानिक पंपावरचं डिझेल भरा, खालून भरून नेलेल्यावर विसंबू नका. आणि कूलंट तपासल्याशिवाय घाट चढू नका. पाणी घालून पातळी भरणं म्हणजे कूलंट भरणं नव्हे, हा धडा आम्ही एका पट्ट्याच्या किमतीत शिकलो. स्वस्तातच म्हणायचा.

मार्चमध्ये आम्ही पुण्याला परतलो. आल्यावर पहिल्या आठवड्यात हे स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. वय आणि कार्यशाळेतला गोंगाट, दोन्हींनी मिळून वरच्या पट्टीतले आवाज नेले होते. वरचे आवाजच आधी जातात म्हणे. आता ते कानात यंत्र घालतात. कुकरच्या शिट्ट्या मोजतात आणि चुकून चार झाल्या तर मला ऐकवतातही.

परवा नातीनं फोनवर गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "आजोबा, ओळखा, कुठला वर्ग?"

यांनी दोनदा ऐकला. कुठेतरी खालून कुरकुर येत होती, आमच्या जुन्या पलंगासारखी.

"तिसरा," ते म्हणाले. "थंडी गेली की जाईल. तोवर वाजू दे."